आग्रह



आज अभंग घेऊन उभा नाही. चाळीस वर्षे उभा राहिलो. आता गुडघे उभे राहू देत नाहीत, म्हणून बसून लिहितो आहे. बुवांचे गुडघे वयाने गेले असे लोक म्हणतात. मीही तसेच सांगत आलो. खरे कारण असे, की १६८ सेंटीमीटर उंचीच्या या देहावर मी एके काळी १०४ किलो वजन लादले होते, आणि ते कोणत्या वाटेने आले हे माझ्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हते. निदान मी तसे समजत होतो.

आपल्या गावी अखंड हरिनाम सप्ताह होत असेल तर बुवांच्या जेवणाचा थाट आपण पाहिलेला आहे. बुवा चार गावे ओलांडून दिवस मावळताना पोहोचतो. भरल्या पोटी आवाज लागत नाही म्हणून रिकाम्या पोटी उभा राहतो. नऊ ते अकरा घाम गाळतो आणि साडेअकराला पाटावर बसतो. समोर नगरकडे गेलात तर आमटी-भाकरी, मराठवाड्यात पुरी-बुंदी, खानदेशात खापरावरची पुरणपोळी आणि वर तुपाची धार. भोवती घरधनी, त्याचे भाऊ, भावजया. "बुवा, ही एक माझ्या हातची." "बुवा, आमच्या आईच्या नावाची एक." आता आईच्या नावाची पोळी कोणी नाकारावी?

तुकोबारायांनी कीर्तनकाराला फार स्पष्ट बजावले आहे, की जेथे कीर्तन करावे तेथील अन्न घेऊ नये. आपण सर्वांना तो अभंग पाठ आहे. त्याचा अर्थ मी कीर्तनातून शेकडो वेळा सांगितला, आणि दर वेळी तो बिदागीकडे वळवला: हरिकथेचा विक्रय करू नये, ती निष्काम असावी. तो अर्थ खराच आहे. पण तुकोबांनी तेथे अन्नाचेही नाव घेतले आहे, त्याकडे माझी जीभ मला पाहू देत नव्हती.

पंगतीतले जेवण ही तर उघडी गोष्ट. झाकलेली पुढे आहे. यजमानाच्या ओसरीवर अंथरूण पडायचे. सगळे निजले की रात्री दीड-दोनला मला जाग यायची, आणि भूक नसताना चित्त घरातल्या डब्याकडे जायचे. उठायचो. अंधारात झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून ते दोन्ही तळव्यांत धरून फिरवायचो. बुंदी असो, शेव असो, थंड पुऱ्या असोत, मूठ मूठ भराभर तोंडात. चव लागत नसे. पोट दुखू लागले की थांबायचो, आणि पहाटे काकड्याला सर्वांच्या आधी उभा. घरी असलो की देवघराशेजारच्या खोलीत हाच उद्योग. आदल्याच रात्री मी इंद्रियनिग्रहावर बोललेलो असायचो आणि लोकांनी डोळे पुसलेले असायचे.

सज्जनहो, हे लिहिताना आजही कान तापतात. पण लिहितो ते याचसाठी, की हे वाचणाऱ्यांत कोणीतरी असा असेल ज्याला झाकण बिनआवाजाचे कसे उघडावे हे माहीत आहे.

मला पहिले उत्तर सुचले ते असे: हे पाप आहे, वैराग्य कमी पडते आहे, तेव्हा देहाला शिक्षा द्यावी. म्हणून रात्री खाल्ले की दुसऱ्या दिवशी पाणीसुद्धा घ्यायचे नाही. एकादशी तर निर्जळ. लोक म्हणत, बुवांचे तप मोठे. द्वादशीला पारणे फिटले की त्याच रात्री डबा. आपल्याकडे "एकादशी आणि दुप्पट खाशी" अशी म्हण आहे ती शाबुदाणा, वरई, रताळी आणि शेंगदाण्याच्या लाडवांवर ताव मारणाऱ्यांसाठी. माझी दुप्पट द्वादशीला होई, एवढाच फरक. अशी जवळजवळ वीस वर्षे गेली आणि वजन एकाच दिशेने चालत राहिले.

गंमत पाहा. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने चोवीस गुरू सांगितले. त्यांत मासा आहे. गळाला लावलेल्या आमिषासाठी जीव देतो तो. हे दृष्टांत मी रंगवून सांगत असे. तेथेच लगेच पुढे सांगितले आहे, की अन्न सोडणारे शहाणे लोक बाकीची इंद्रिये लवकर जिंकतात, रसना मात्र जिंकत नाहीत. अन्न सोडले की ती उलट वाढते. नाथमहाराजांनी एकादश स्कंधावरची आपली टीका काशीला १५७३ साली पूर्ण केली. ती टीका मी तीन वेळा अथपासून इतिपर्यंत वाचली, या जागेवर बोट ठेवून वाचली, आणि तरीही उपाशी राहूनच जीभ जिंकायला निघालो. ग्रंथ डोळ्यांनी वाचला की असे होते.

वयाच्या ६४व्या वर्षी एका कीर्तनात डोळ्यांपुढे अंधारी आली. साखर निघाली. तालुक्याच्या डॉक्टरांनी औषध लिहून दिले, गोड बंद सांगितले आणि सहज विचारले, "बुवा, रात्री उठून खाता का?" मी नाही म्हणालो. खिशात तुळशीची माळ होती, हात तिच्यावर होता, आणि मी नाही म्हणालो.

परतताना गाडीत शेजारी आमचे मृदंगाचे साथीदार बसले होते. त्यांना सगळे "अण्णा" म्हणतात. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, मोजके बोलणारे. घाट उतरेपर्यंत मी गप्प होतो. मग म्हणालो, "अण्णा, मी डॉक्टरांना खोटे सांगितले." त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. म्हणाले, "माहीत आहे, महाराज. बारा वर्षांपासून माहीत आहे. ओसरीवर मी पण तुमच्याच शेजारी निजतो ना."

बारा वर्षे! त्यांनी कधी कोणाजवळ शब्द काढला नव्हता. मी विचारले, मला का नाही बोललात? ते म्हणाले, "तुम्ही आज सांगितलेत. न सांगता मी बोललो असतो तर तुम्ही मृदंगवाला बदलला असता." ते खरे होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रागावण्याऐवजी खुर्ची पुढे ओढली. थोड्या वेळात पुष्कळ खाणे, खाताना स्वतःवर ताबा नसणे, भूक नसता खाणे, लाजेने एकटे खाणे, मागून स्वतःचा तिटकारा वाटणे. हे वारंवार होत असेल तर तो आजार असतो, आणि २०१३ सालापासून मानसोपचाराच्या शास्त्रात त्याला स्वतंत्र नाव मिळाले आहे, असे त्यांनी सांगितले. त्यावर मानसोपचाराच्या डॉक्टरांशी बोलून इलाज होतो, त्यात वेडेपणाचे काही नाही, हेही सांगितले. मग विचारले, उपास किती करता? मी अभिमानाने सांगितले. ते म्हणाले, "तेच तर इंधन आहे. दिवसभर कोंडलेली भूक रात्री दार फोडते. आधी वेळेवर जेवा."

त्या रात्री मी ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय काढला. भगवंत तेथे म्हणतात, की अति खाणाऱ्याला योग नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. त्यावर बोलताना माउलींनी दोन माणसे एका ओळीत बसवली आहेत. एक जिभेला विकला गेलेला. दुसरा भूक-तहान कोंडून, अन्न तोडून देहाला मारणारा. आणि त्या दुसऱ्याच्या बंदिवासाला त्यांनी जो शब्द वापरला तो "आग्रह". मी चमकलो. मला वाटत होते माझ्यात दोन माणसे आहेत, रात्रीचा चोर आणि दिवसाचा तपस्वी, आणि तपस्व्याने चोराला धरायचे आहे. माउलींनी दाखवले, की ते दोघे एकाच घरचे. दोघांच्याही चित्तात चोवीस तास अन्नच.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, ज्यासाठी हा लेख. असा माणूस पापी म्हणायचा की आजारी? पापी म्हटले की आपण त्याच्याकडे नाक मुरडायला मोकळे. आजारी म्हटले की डॉक्टरांच्या हवाली करून मोकळे. दोन्ही शब्दांनी आपली सुटका होते, त्याची होत नाही. आपल्या परंपरेजवळ तिसरा शब्द आहे: बद्ध. बद्ध म्हणजे बांधलेला. ज्याचे हात बांधले आहेत त्याने गाठ बांधण्यात स्वतः भाग घेतला असेलही. पण ती सोडायला त्याचेच हात कसे वापरायचे? दुसऱ्या कोणाची तरी बोटे लागतात. संतसंगतीचे माहात्म्य मी जन्मभर गायलो, तो अर्थ मला अण्णांच्या गाडीत कळला.

येथे कोणी म्हणेल, दारूचा बांधलेलाही असाच. होय, आणि नाही. आपल्या दिंडीत दारू सोडलेली माणसे आहेत. त्यांनी माळ घातली, बाटलीला शिवायचे नाही असे ठरवले. अवघड होते, पण वाट सरळ होती. खाण्याच्या बांधलेल्याला ती सोय नाही. त्याला ज्या दाराशी घात होतो त्याच दारात दिवसातून तीन वेळा जायचे असते, मोजून आत शिरायचे असते आणि मोजून बाहेर यायचे असते. म्हणून "सोडून द्या की" हे वाक्य त्याला सांगू नये. काय सोडायचे? अन्न?

माझे पुढे काय झाले ते थोडक्यात. सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी सात ही जेवणाची वेळ ठरली, मध्ये दोनदा थोडे काही. कीर्तन असले तर सातलाच भाकरी आणि पातळ भाजी, कीर्तनानंतर कपभर दूध. आवाज लागत नाही ही माझी समजूत होती. हलके जेवण असले तर लागतो. ताटात एकदा वाढून घ्यायचे, आणि सावकाश जेवायचे. पोट भरल्याची वर्दी डोक्यापर्यंत पोहोचायला वीसेक मिनिटे जातात म्हणतात, आणि मी तर दहा मिनिटांत पाट सोडत असे. झोप वाढवली, कारण जागरणाने भूक खोटी लागते. एकादशी सोडली नाही. डॉक्टरांना विचारून फळे, राजगिरा आणि ताक यांवर आणली. साखरेचे औषध चालू असलेल्यांनी हे विचारल्याशिवाय करू नये, कारण उपासात साखर एकदम उतरते. आणि रोज रात्री साडेनऊला अण्णांना फोन. खाल्ले असेल तर "खाल्ले" म्हणायचे. ते "बरं" म्हणत. बस्स. "का खाल्ले?" असे त्यांनी एकदाही विचारले नाही.

पहिल्या वर्षात मी एकवीस वेळा पडलो. मोजून ठेवले होते. नामस्मरण तेव्हाही चालू होते, त्याआधीची वीस वर्षेही होते; तेव्हा नाम घेतले की सवय जाते असे मी सांगणार नाही. नामाने एवढे झाले, की एकविसाव्या वेळी पडल्यावरही काकड्याला तोंड दाखवायची लाज उरली नाही. अडीच वर्षांत वजन ८० वर आले. उंचीच्या हिशेबाने ते अजून जास्तच आहे. आपल्याकडच्या माणसासाठी डॉक्टर मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने वजनाला भागून २३च्या खालचा आकडा मागतात, माझा २८ येतो. पण ते आठ वर्षे तेथेच आहे, आणि डॉक्टर म्हणतात की उतरवण्यापेक्षा टिकवणेच कठीण. उतरलेला देह जुने वजन परत मागत राहतो. महिन्याच्या एक तारखेला भुसार दुकानातल्या काट्यावर उभा राहतो. दुकानदार ज्वारीच्या पोत्यासारखे गंभीरपणे वजन सांगतो.

आता पाटाच्या दुसऱ्या बाजूला येऊ, म्हणजे वाढणाऱ्याकडे. माउली, आपला आग्रह प्रेमाचा आहे हे मी जाणतो. तो कोठून आला हेही जाणतो. १९७२ च्या दुष्काळात मी बावीस वर्षांचा होतो. खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची, रेशनवर तांबडी मिलो ज्वारी. माझी आई स्वतःची अर्धी भाकरी पदराखाली ठेवून धाकट्याला द्यायची. ज्या बाईने ते दिवस पाहिले ती पाहुण्याच्या ताटात तिसरी पोळी टाकते तेव्हा ती पोळी वाढत नसते, त्या दिवसांना उत्तर देत असते. तिला दोष कसा द्यावा? पण जो तिसरी पोळी खातो त्याला आज दुष्काळ मारत नाही, साखर मारते. प्रेम तेच ठेवून हात आवरता येईल का, एवढेच विचारतो.

ताटात टाकू नये, अन्नाचा अपमान होतो, हेही आपण शिकलो आहोत. योग्यच आहे. पण भरल्या पोटात कोंबलेली पोळी वाया गेली नाही असे कोणी ठरवले? उकिरड्यावर पडली तर गाय तरी खाते. आमच्या दिंडीतली एक बाई दुपारच्या पंगतीनंतर उरलेले सगळे उभ्यानेच संपवायची, पातेली पुसून. घरीही तेच: मुलांचे उरलेले, सासऱ्यांचे उरलेले. "टाकायचे कसे, बुवा?" म्हणायची. तिला मी एवढेच सांगितले, की अक्का, तुमचे पोट म्हणजे घरातले शेवटचे पातेले नव्हे. ती रडली. मग तिच्या सुनेने स्वयंपाकाचे माप कमी केले. उपाय तिच्या जिभेवर नव्हताच, परातीतल्या पिठावर होता. प्रसादाचेही तसेच. प्रसाद कणभर घेतला तरी पूर्ण असतो. द्रोण भरून तिसऱ्यांदा मागतो तेव्हा आपण प्रसाद मागत नसतो.

आता जे सांगायला मी सर्वांत जास्त वेळ लावला ते.

वीस-बावीस वर्षांपूर्वी एका गावी काल्याचे कीर्तन होते. समोर एक फार जाड गृहस्थ बसले होते, टाळकऱ्यांच्या मागे, खांबाला टेकून. कीर्तन थोडे सैल पडले होते. मी त्यांच्याकडे हात करून एक विनोद केला. पेंद्याने शिदोरी कोणाकडे ठेवायला दिली होती ते आज समजले, असा काहीसा. मंडप हसून लोळला. ते गृहस्थही हसले. मी पुढे गेलो. त्या रात्री मीही ओसरीवर डबा उघडला, हे आपल्याला आता सांगायला नको.

माझी गाठ सुटू लागल्यावर अण्णा एकदा म्हणाले, "ते खांबापाशी बसायचे ना, ते त्यानंतर देवळात आले नाहीत. वारीलाही नाहीत. बारा वर्षे वारी करत होते." मला आधी आठवेचना. ज्याने मारले त्याला आठवत नाही.

पत्ता काढून गेलो. दारात उभा राहिलो तेव्हा त्यांनी ओळखले, आणि उठायचा प्रयत्न केला; डावा पाय घोट्यापासून नव्हता, साखरेने नेला. मी पाया पडलो. ते म्हणाले, "बुवा, असे करू नका, मला पाप लागेल." मी झाल्या गोष्टीची माफी मागितली. ते बराच वेळ अंगणाकडे पाहत होते. मग म्हणाले, "लोक हसले त्याचे काही नव्हते हो. लहानपणापासून हसतात. पण त्या मंडपात कोणी हसत नव्हते, म्हणून मी येत होतो."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. माझे सगळे पाठांतर त्या अंगणात निरुपयोगी ठरले. मी फक्त माझ्या डब्याची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून, झाकण कसे धरायचो तेसुद्धा. ऐकता ऐकता त्यांनी मध्येच विचारले, "स्टीलचा होता की पितळी?" मी म्हणालो, स्टीलचा. ते म्हणाले, "पितळी बरा. आवाज कमी होतो."

आज आमच्या गावात हरिपाठानंतर सात-आठ माणसे मागे थांबतात. काटा ठेवलेला नाही, कोणाचे वजन कोणी विचारत नाही, पडल्याची गोष्ट सांगितली तर पुढचा फक्त ऐकतो. कोणी बारीक झाला तरी तोंडावर कौतुक करायचे नाही असे आम्ही ठरवले आहे, कारण कौतुक झालेल्या माणसाला पुढच्या वेळी पडलो हे सांगता येत नाही. एका मुलाला आम्ही मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेले, तो तेथेच सुधारला. आमच्याने झाले नसते. सप्ताहाच्या पंचांनी बुवांचे जेवण सातला आणि नंतर दूध, असे यंदापासून ठरवले आहे. एका बुवांना राग आला. येतो, मलाही आला असता.

ते गृहस्थ देवळात येत नाहीत. पायऱ्या चढवत नाहीत म्हणतात. मी आग्रह करत नाही. रात्री साडेनऊला अण्णांचा फोन झाला की त्यांचा येतो.

"जेवलात का बुवा?"

"जेवलो. तुम्ही?"

"दोन भाकरी, आमटी. नंतर डब्यापाशी गेलो होतो."

"बरं."

"उघडला नाही."

"बरं."

मग ते थोडा वेळ काहीच बोलत नाहीत, मीही बोलत नाही, आणि पलीकडे त्यांच्या घरात कोणीतरी भांडी घासत असल्याचा आवाज येत राहतो.